पोटरी

वार्डोच्या धक्क्यावर आयलर्टची डावी पोटरी सुजली,
तेव्हा तो म्हणाला, शिडीवरून घसरलो असेन.
निघाली गुठळी.
तिचा माग काढला,
तर स्वादुपिंडात गाठ.

चाळीस वर्षं कॉड चिरताना
सुरी बोटात घुसायची;
रक्त आपसूक थिजायचं,
जाळं विणून दार लावून घ्यायचं.
तेच जाळं आता
एका भटक्या पेशीवर पांघरूण घालतं,
पहारेकऱ्यांसमोरून
तिला फुप्फुसापर्यंत पोचवतं.

"म्हणजे फितूर झालं?"
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाही.
त्याला तिथे जखम दिसते,
बुजवायला धावतं.

राग्नफ्रिड रोज रात्री त्याच्या पोटात सुई टोचते.
रक्त पातळ.
परवा दाढी करताना जरासं कापलं,
तर कितीतरी वेळ
दोघं बेसिनपाशी उभी,
ते थांबायची
वाट बघत.