अवांतर

उजव्या हाताची करंगळी बार्बाडोसच्या दिशेला वळलेली,
अनामिका सरळ होतच नाही,
अंगठ्याचं नख एकदा गेलं ते परत आलं
भलत्याच कुणाचं तरी.
थिओफिलस लारोंदची कारकीर्द बघायची असेल
तर डॉमिनिकात माझ्या घरी या.
अकरा वर्षं मी त्याच्या चेंडूंमागे उभा होतो.

मंगळवारी केळ्यांची बोट लागायची.
डोक्यावर घड घेऊन तो फळीवरून चढायचा, उतरायचा,
पहाटेपर्यंत.
बुधवारी खांदा धरलेला असे.
गुरुवारी त्याची आई, एर्नेस्टीन, बे-रम चोळायची,
इतकं की शुक्रवारी मैदानात
तो येण्याआधी त्याचा वास यायचा.

गावात त्याचा रनअप नीरफणसाखालून सुरू होई.
तिथे एक शेळी बांधलेली, शेजारी एर्नेस्टीनची टोपली.
षटक संपेपर्यंत ती टोपली मांडीवर घेऊन बसे.
शेळी मात्र कुणासाठी हलली नाही.

सेंट लुशियाला शिडाच्या जहाजातून गेलो.
रात्र आणि अर्धा दिवस. सगळे ओकले, कप्तानसुद्धा.
थिओनं नवा चेंडू पँटीला घासला आणि म्हणाला,
जमीन अजून डुलतेय रे.
मग चेंडूही डुलला.
बाहेर जातोय, जातोय म्हणेपर्यंत आत,
आणि मधली यष्टी माझ्या पायाशी.
सहा गडी. जेवणाच्या सुट्टीत त्याला
आल्याच्या पाण्याशिवाय काही पोटात ठरलं नाही.

मोठ्या बेटांचे चार-चार जण घेत,
आमच्या बेटाला पत्र यायचं.
"आपण आमच्या नजरेत आहात."
ते त्यानं बिस्किटांच्या डब्यात ठेवलं.
पुढच्या वर्षी त्याच नजरेत
एकोणीस वर्षांचा दुसराच पोरगा होता.
थिओ त्या आठवड्यात दोन बोटी भरायला गेला.

मग वादळ.
सेक्रेटरीच्या घराचं छप्पर गेलं, कपाट गेलं,
कपाटातल्या स्कोअरच्या वह्या गेल्या.
महिन्याभरानं शाळेच्या कुंपणात एक पान सापडलं.
त्यावर एवढंच वाचता येत होतं: अवांतर, एकवीस.
त्यातल्या चौदा बाय. बाय माझ्याच.

आता रमच्या दुकानात पोरं विचारतात,
अंकल थिओ, एकूण किती?
एकशे तीन, तो म्हणतो.
ना आढ्याकडे बघतो, ना बोटं मोडतो.
मी ग्लासात बघतो.
सत्त्याण्णव. मला झोपेतून उठवून विचारा.

पण वरचे सहा कुठून आले तेही मला माहीत आहे.
ग्रेनाडातला, सरळ हातात आलेला.
सेंट व्हिन्सेंटमधला, तेव्हा मी म्हटलं डोळ्यांत ऊन आलं.
ऊन पाठीमागे होतं.
आणि तो, ज्या दिवशी निवड समितीचा माणूस
पांढरी टोपी घालून तंबूत बसला होता,
पहिल्याच षटकातला, हलकी कड, पोटाच्या उंचीला.
त्यावर मी अजूनही बोलत नाही.
उरलेले माझे मला ठाऊक.
थिओनं तेव्हा कंबरेवर हात ठेवले नव्हते.
वळला, नीरफणसाकडे चालत गेला, बस्स.
मी सोडलेले सहा
त्यानं आता धरलेत.

हल्ली तो धक्क्यावर फेरीचं फाटक उघडतो.
गुडघे गेलेत, पण फाटकापर्यंत अजून मोजून पंधरा पावलं,
शेवटची तीन लांब.
परवा मी पलीकडे उभा होतो, पिशवी घेऊन.
एका ट्रकमधून त्यानं पपनस उचललं
आणि काही न बोलता माझ्याकडे भिरकावलं,
डावीकडे, जरा खाली.
पिशवी पडली. करंगळीतून कळ
खांद्यापर्यंत गेली. पपनस हातात.

धरलंस, तो म्हणाला.
आणि फाटक ओढता ओढता,
पण हे धरायचं नाही.