ड्रायव्हरसकट

धरणगावहून एरंडोलकडे निघालं की
डाव्या हाताला तिसरी जिनिंग.
फाटकाशी पत्र्याची केबिन, आत हिरकनबाई महाजन,
समोर काट्याचे हिरवे आकडे,
भुवयांवर कापसाची कुस.

माझ्या पिशवीत प्रश्नावल्यांचा गठ्ठा.
प्रत्येकीत अठरा विधानं, पाच चौकटी,
'पूर्ण असहमत'पासून 'पूर्ण सहमत'पर्यंत.
मधली चौकट 'सांगता येत नाही'.
तिथे फार खुणा पडल्या
तर मॅडम म्हणतात, नमुना वाया.

शाळेत सोपं गेलं होतं.
नववी ब माझ्याकडे बघत बघत
सहमत होत गेली.
फक्त भिकन सोनवणेनं विचारलं,
सर, पास व्हायला किती लागतात?
यात नापास कुणी होत नाही, मी म्हटलं.
मग मोजता कशाला?
मी त्याची पेन्सिल घेतली, टोक काढून दिलं.
दुसरं काही सुचलं नाही.

विधान पहिलं: विचार करण्यात मला आनंद मिळतो.
हिरकनबाईनं भाकरीचा डबा उघडला.
"आनंद कसाना, भाऊ? डोकं दुखस."
असहमत.
विधान चौथं: गरजेपेक्षा जास्त विचार करणं मी टाळते.
"टाळस ना. पन टळस कोठे?"
याला चौकट नव्हती.
हॉर्न वाजला. ती उठून पावती फाडून आली.

विधान चौदावं: कोडं सुटेपर्यंत मला चैन पडत नाही.
तिनं घास हातातच ठेवला.
गेल्या हंगामात एक ट्रक होता.
दर खेपेला कापूस साठ-सत्तर किलो जास्तच भरायचा.
ओला म्हणावा तर कोरडा.
ताडपत्री पाहिली, डिझेल पाहिलं, जादा चाक पाहिलं.
कॅलेंडरच्या पाठीवर रेघा ओढून
तारखेपुढे वजन, वजनापुढे वेळ.
दिवा बघून घरचे ओरडायचे.
अकरा दिवस.
बाराव्या दिवशी रिकामा ट्रक काट्यावर
आणि ड्रायव्हर टपरीवर, हातात कप.
"भरेल गाडी तोलाई तवय हाऊ मझार बठेल.
रिकामी तोलाई तवय खाले चहा पेस."

रोज तो स्वतःला कापसाच्या भावानं विकायचा
आणि रोज संध्याकाळी घरी परत न्यायचा.

मी पेन पुढे केलं. चौदाव्याला पूर्ण सहमत ना?
ती म्हणाली, "कोडं ते पोरेस्नं ऱ्हास.
हाई ते कामच शे."
असहमत.

रात्री लॉजवर बेरीज केली.
उलट्या विधानांचे गुण उलटे धरले, नियमाप्रमाणे.
नववी ब ची सरासरी एकाहत्तर.
हिरकनबाई, नव्वदपैकी सदतीस.
श्रेणी: विचारप्रवृत्ती कमी.
पुन्हा मोजलं. सदतीसच.

मग आठवलं, ती खुणा करत होती
तेव्हा मी केबिनमध्ये होतो,
खिशाला पेन, मांडीवर विद्यापीठाची फाइल.
शाळेतही बाकांच्या मधून फिरत होतो.
एकदाही खाली उतरलो नव्हतो.

सकाळी उरलेल्या कोऱ्या प्रश्नावल्या
हमालांच्या हाती दिल्या,
काय हवं ते लिहा म्हटलं, लिहू नका वाटलं तर तेही,
आणि चहा घेऊन बाहेर आलो.
आत कोण काय करतंय दिसत नव्हतं.
थंडी होती. सरकीचा तेलकट वास.
बराच वेळ उभा राहिलो,
बरं वाटत होतं.

केबिनच्या काचेवर टकटक झाली.
हिरकनबाई हसत नव्हती.
एक बोट माझ्या पायांकडे,
दुसरं हिरव्या आकड्यांकडे.

सत्तर.
मी काट्यावरच उभा होतो.