अंजनेरीच्या अलीकडे

एकोणीस किलोमीटर.
मग ती दोनदा खोकते,
सभेत कुणी हलकेच खोकावं तशी,
आणि अंजनेरीचा डोंगर काचेत मावेनासा होतो
तिथे, त्र्यंबक रस्त्याच्या कडेला,
उभी राहते.
दर रविवारी. तिथेच.

मुश्ताक मिस्त्री म्हणाले, पॉइंट घासून बघा.
घासले.
कंडेन्सर बदला.
बदलला.
पंपाचा पडदा सारडा सर्कलच्या मागे एकाच दुकानात मिळतो,
तोही मालकाचा मूड असेल तर.
चार चकरा मारून तोही आणला.
कार्ब्युरेटरची जेटं काढून
रात्रभर रॉकेलच्या वाटीत ठेवली.
सकाळी हिने त्या वाटीबद्दल विचारलं.
मी म्हटलं, कुठली वाटी?

शेजारचे निरगुडे, दात कोरत:
"अहो, मारुतीचं जन्मगाव ते.
तो फियाटला पुढे जाऊ देईल होय?"
आणि स्वतःच्याच विनोदावर गेट धरून हसले.
त्यांच्या आजवर तीन झाल्या, हप्त्यांवर.
एकीचंही बॉनेट त्यांनी स्वतः उघडलेलं नाही.

मी नाशिकरोडला, नोटांच्या छापखान्यात,
एकतीस वर्षं तपासणीच्या टेबलाशी.
केसभर सरकलेली शाई,
आकड्याचा तुटका पाय,
दिसला की कागद बाजूला.
तिथे चुकलेलं दुरुस्त करत नाहीत.
नष्ट करतात, मोजून, सही घेऊन.
ब्याऐंशी सालची ही बिस्किट रंगाची पद्मिनी
फंडाच्या पैशांतून आणली तेव्हा
घरी काहीतरी वेगळंच कारण सांगितलं होतं.
काय, ते आता आठवत नाही.

केतकी, माझी भाची, त्या रविवारी मुद्दाम बरोबर आली.
बारावीची, डोक्याला तेल नाही, प्रश्न फार.
गाडी थांबली तशी ती उतरून मागे गेली
आणि टाकीचं झाकण फिरवलं.
स्सऽऽऽ
"मामा, ही श्वास ओढतेय."

किल्ली मारली. एका झटक्यात सुरू.
मी अख्खं इंजिन कोळून प्यायलो होतो
आणि दुखणं होतं मागे, डिकीखाली.

टाकीला श्वास घ्यायला एक नळी असते,
करंगळीहून बारीक.
पेट्रोल संपत जाईल तशी हवा आत यावी म्हणून.
घरी येऊन जमिनीवर पाठ टेकली, टॉर्च धरला.
नळीचं तोंड मातीने लिंपलेलं,
इतकं गुळगुळीत, की ते कंपनीचंच वाटावं.

कुंभारीण.

नासर्डीच्या काठावरून गोळी गोळी चिखल आणून
तिने तिथे बाळंतिणीची खोली बांधली होती.
खपली जरा उचकटली तर आत
गुंगवलेले दोन कोळी
आणि तांदळाच्या कणीएवढं काहीतरी, हलणारं.
मुश्ताकभाई वाकून बराच वेळ बघत राहिले.
म्हणाले, "फिटिंग पाहा बाईचं.
ना पाना, ना पक्कड."

तार घालून ढोसायला एक मिनिट लागलं असतं.
मी हॅकसॉ ब्लेड मागितलं.
टोकाकडची दोन इंच नळी घरट्यासकट कापली,
खपली थुंकी लावून बसवली,
उरलेल्या नळीला रबराचा तुकडा जोडला, तोंडाशी
पिठाच्या चाळणीची जाळी.
(त्या चाळणीबद्दलही विचारणा झाली.)
कापलेला तुकडा न्हाणीघराच्या खिडकीत ठेवला.
पंधरा-वीस दिवसांनी त्याला आतून भोक पडलं होतं.
कोण कधी गेलं, कुणी पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं.
सतरा. अठरा.
केतकीने खिडकीची काच खाली घेतली.
एकोणीस.
डोंगर डाव्या हाताला आला, मोठा झाला,
आणि मग, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच,
मागे पडला.
त्र्यंबकची घरं दिसेपर्यंत कुणी काही बोललं नाही.
मिस्त्रींनी खिशातले शेंगदाणे काढले.
मला खरं तर जरा रिकामं रिकामंच वाटत होतं.

परतताना, महिरावणीपाशी,
मागच्या डाव्या चाकाकडून
कट्.
मग बराच वेळ काही नाही.
कट्.

केतकीने माझ्याकडे पाहिलं.
मिस्त्री चघळायचे थांबले.
मी वेग कमी केला,
नीट ऐकू यावं म्हणून.