तिकोनी

मी फ्रेमवाला. सरळ रेघेवर पोट.
काटकोनात किती देव बसवले, मोजले नाहीत,
किती सासरे, किती दहावीचे सत्कार,
एकदा एका वकिलाचं कुत्रं.
तिरपं काम दुकानात कुणी आणलंच नव्हतं.

मग चंदनझिऱ्याहून मुनव्वर मिस्त्री आला,
लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा कापलेला त्रिकोण घेऊन.
एका कोपऱ्यात अर्धा गणपती,
कडेला तुटून राहिलेलं : यायचं हं.
म्हणाला, या मापाची काच पाहिजे.

गेलो बघायला. मे महिना, पत्र्याचं शेड.
फियाट उभी होती
कुणी रागावल्यावर मान आखडून घ्यावी तशी.
बियाणेवाल्या तोतल्यांच्या धाकट्याची हौस :
सगळे खांब कापून छत चार इंच खाली.
खांबाचं काही नाही, मिस्त्री म्हणाला,
लोखंड आहे, आपल्या गावात लोखंड ऐकतं.
काच ऐकत नाही.

छत उतरलं की पुढचा खांब मागे रेलतो.
दाराच्या काचेपुढची ती तिकोनी
मग जुन्या घरात मावत नाही,
थोरल्याचा सदरा धाकट्याला घातला
की खांदे लोंबतात, तसं तिचं टोक.

मूळ काचेवर मी हिरा ठेवला. ओढला.
पकडीनं नुसतं दाबलं,
तर सगळी एकदम खाली बसली. खडीसाखर.
भट्टीत भाजलेली असते, मिस्त्री म्हणाला,
तिला रेघ सोसत नाही.
आधी कामून नाही सांगितलं?
म्हणे, मला वाटलं तुमचा हात वेगळा असंल.

मग भंगारातून ट्रकची पुढची काच आणली.
दोन काचा, मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा.
अलीकडून रेघ, पलीकडून रेघ, एकावर एक,
केसभर चुकलं की तडा आपल्या मनानं जातो.
रेघेत स्पिरिट सोडायचं, काडी लावायची,
निळी जीभ त्रिकोणाच्या कडेनं पळते,
पापुद्रा मऊ होतो,
तेवढ्यात ब्लेड फिरवायचं.
तीन गेल्या. चौथी निघाली.

धाकटा आला, मोबाईलवरून मान न उचलता म्हणाला,
एवढं कशाला, पक्की बसवून टाका,
काळा कागद लावू, एसी येणारच आहे.
मिस्त्रीनं कानस खाली ठेवली.
उघडत नसंल, तर ती काच नाही शेठ,
फोटो आहे.
मग माझ्याकडं वळून, हळूच :
तुमच्याबद्दल नाही बोललो.

खुंटी अर्धा इंच मागे सरकवली,
नाहीतर साठच्या वेगाला वारा
तिला थोबाडीत मारून बंद करील.
रबर जुन्या फ्रिजच्या दाराचं.
उजवी बसली. बोटानं ढकलली, फिरली,
जिथं सोडली तिथं थांबली.
मिस्त्रीनं ती अकरा वेळा उघडझाप केली,
मी मोजत होतो, तो नाही.

डावीला तेच माप लागेना. दीड सूत फरक.
उजवीकडून सकाळी कापलं होतं, तो म्हणाला,
डावीकडून जेवण झाल्यावर.

संध्याकाळी देऊळगावराजाच्या रस्त्यानं नेऊन पाहिली.
छत इतकं खाली की टोपी काढून मांडीवर घेतली.
पुढचा रस्ता दिसत होता,
आभाळ असेल वर, ते धरून चाललो.
माझ्या बाजूला काच नव्हतीच अजून,
तोच पुठ्ठा चिकटपट्टीनं लावला होता, उलटा,
छपाई आतल्या अंगाला.

मिस्त्रीनं त्याची तिकोनी वळवली.
वारा आला, गरम, मिलच्या राखेचा वास असलेला,
आधी त्याच्या दाढीत शिरला,
मग उरलेला माझ्याकडं.
पुठ्ठा फडफडायला लागला.
अर्धा गणपती. यायचं हं.

मी अंगठ्यानं कड दाबून धरली
आणि दीड सूत कुठून कमी करायचं
ते मोजत बसलो.