एका चार्जमध्ये

शृंगारतळीच्या बाजारात, मोटारपंप
आणि जाळ्यांच्या शिशांच्या मधे
सोलकरांनी तीन ड्रिल मशीनं मांडली,
लिलावात सुरमई मांडतात तशी, शेजारी शेजारी.

"पडदे लावायचेत?"
नाही, म्हटलं, बुधलच्या कड्याला बोल्ट.
त्यांचा चष्मा कपाळावर गेला.
"जांभा?"
जांभ्याखालचा काळा.
"मग हे नको." पहिलं परत खोक्यात.
"काळ्यात नुसतं फिरून भागत नाही,
फिरता फिरता ठोकणारं हवं."

दुसरं दीड किलोचं. हार्नेसला अडकवावं
आणि दुपारपर्यंत विसरून जावं.
तिसरं तीन किलो, वर पाच अँपिअरची बॅटरी.
हातात घेतलं की आधी मनगट विचार करतं,
मग आपण.

सगळे विचारतात तेच मी विचारलं:
एका चार्जमध्ये किती भोकं?
"खोक्यावर शंभर लिहिलंय.
लिहिणाऱ्यानं आपला कातळ बघितलेला नाही."

मागच्या अंगणात एक धोंडा होता,
जेटीच्या कामातून उरलेला. वर कोंबडी.
तिला हुसकलं, दहाचं बिट लावलं,
ऐंशी मिलिमीटरवर चिकटपट्टीची खूण.
हलकं मशीन बाटलीत कोंडलेल्या गांधीलमाशीसारखं
ओरडत राहिलं. बिटाचं टोक निळं पडलं,
खूण अजून बाहेरच.
जडानं चाळीस सेकंद घेतले.
कोंबडी विहिरीपलीकडे गेली ती गेलीच.

बावा तांडेलनं या कड्यावरचे पहिले बोल्ट
हातानं ठोकले होते. छन्नी, हातोडी,
एका भोकाला पाऊण तास, आणि मधे विडी.
लोखंड साधं, बंदरावरच्या दुकानातलं.
गेल्या शिमग्यानंतर त्यातला एक
माझ्या बोटांत आला, चहात बुडवलेल्या
बटरासारखा.
आठ वर्षं लोंबले होते मी त्यावर.
हसले होते. फोटोही आहे.

म्हणून पैसे मोजताना
दुसरी बॅटरी मी बाजूला सारली.
त्या पैशांत तीनशे सोळा नंबरचं स्टील येतं,
जे खाऱ्या वाऱ्याला लगेच शरण जात नाही.
सोलकर काही बोलले नाहीत.
काळ्या पिशवीला दोन गाठी मारून दिल्या.

ओहोटीला, वरून दोर सोडून उतरले.
मशीन लावण्याआधी हातोडीनं टकटक:
टणक वाजलं तर इथं,
भदभद वाजलं तर जरा उजवीकडे.
पाचव्या बोल्टची जागा सुरेख होती,
पण तिथून हातभर अंतरावर
काकणाचं घरटं, खाली माशांचे काटे.
रेघ डावीकडे वळवली. चढाई अवघड झाली.
होऊ दे.

प्रत्येक भोकात फुंकणी घालून फुंकायचं,
आत पीठ राहिलं तर बोल्ट खोटं बोलतो.
फुंकणी मावशीच्या चुलीची; गॅस आल्यापासून
ती माळ्यावर पडून होती.
दगडाचं पीठ ओठांवर येतं.
चव मिठाची, की मिठाचीच, कळत नाही.

अकराव्या भोकाला मशीन थबकलं.
लाल दिवा लागला, मग तोही विझला.
तीन बोल्ट बाकी.
भरती खालच्या खडकांना शिवू लागलेली,
आणि पाठीवर, का कोण जाणे मी आणलेली,
बावाची छन्नी.

ठोक, पाव वळण. ठोक, पाव वळण.
वीस मिनिटांनी बोटभर.
पण कडा आत कुठे दाट आहे, कुठे नाही,
हे चाळीस सेकंदांत मला
एकदाही ऐकू आलं नव्हतं.
एकच झालं. उरलेले दोन पुढच्या ओहोटीला.

संध्याकाळी सोलकरांचा फोन:
"किती?"
अकरा, म्हटलं.
पलीकडे पेन शोधल्याचा आवाज.
दुकानातल्या दुसऱ्या खोक्यावरचा शंभर
ते खोडत असणार.

"आणि बारावं?"
बारावं हातानं.
"मग तेही लिहितो," म्हणाले.