खट्

बटण दाबलं. पंखे फिरले, हिरवा दिवा लागला,
पडदा मात्र काळाच,
कौस्टिनेनच्या डिसेंबरात चार वाजता खिडकी असते तसा.
मग पेटीच्या पोटातून शिटी:
एक लांब, तीन आखूड.
पुन्हा एक लांब, तीन आखूड.
दुखतंय एवढं कळत होतं,
कुठे, ते नाही.

'सकाळपर्यंत चालत होता,'
हे मी साराला तीनदा सांगितलं, चौथ्यांदा भिंतीला.
शनिवारी हेलेवीच्या लग्नाची फिल्म द्यायची होती,
जुन्या मेमरीला तो भार झेपेना, म्हणून तर नवी,
एकशे नव्वद युरोंची, पोस्टाने आलेली.

वायरी उपसल्या, लावल्या.
नाण्याएवढी बॅटरी काढून कॉफी होईस्तोवर थांबलो.
जुन्या पट्ट्या परत बसवल्या: सुरू!
नव्या घातल्या: तोच हंबरडा.
म्हणजे नव्याच खराब.
परतीचा फॉर्म काढला,
कारणाच्या रकान्यात लिहिलं: सदोष.

तेवढ्यात शेजारची औने बरणी परत द्यायला आली.
वय एक्याऐंशी. साऱ्या गावाची निखळलेली हाडं
तिच्या अंगठ्यांना ओळखतात.
कॉम्प्युटरला तिने जन्मात हात लावलेला नाही.
उघड्या पेटीत वाकून बघत राहिली,
गुडघा बघावा तशी.
'हे डावं खांद्यातून वर आलंय.'
मी म्हटलं, बसवलंय नीट.
'बसवलं नाहीस. ठेवलंयस नुसतं.'

खरं होतं. जुन्या पट्ट्या मी बेफिकीर दाबल्या होत्या,
नव्या जपून,
किमतीला धक्का लागेल म्हणून.

लोकरीचं जाकीट काढायला लावलं तिला,
रेडिएटरला हात लावायला लावला, ठिणगी नको म्हणून.
ती हसली. दोन्ही अंगठे दोन टोकांना.
अगं, मोडेल, असं माझ्या तोंडून निघेपर्यंत
तिने मला विचारलं, मुलगी कुठे दिली?
मी 'ओउ...' म्हणतोय तोच
खट्.
मग दुसरी. खट्.

या वेळी शिटी एकच, आखूड,
आणि पडद्यावर हळूहळू निळं उजाडलं.
अर्जावरचा 'सदोष' तसाच होता,
कोण, तेवढं लिहायचं राहिलेलं.

औने अंगठा चोळत बसली,
कडेची बारीक लाल रेघ उमटली होती त्यावर.
मी पैसे विचारले.
ती म्हणाली, रडलं नाही ना, मग निम्मेच.
आणि कॉफी.