स्थळपाहणी

अठ्ठावीस वर्षं प्रेसमध्ये
नोटांची शीटं उजेडाला धरली.
शाई फुटली, रेघ सरकली, आकडा तिरका,
की बाजूला.
निवृत्त झालो, पण डोळ्याची खोड गेली नाही.
कुमुदच्या गुडघ्यांचं ठरलं तेव्हा
दोनशे पानी वही आणली,
पट्टीनं रकाने आखले.
ती म्हणाली, अहो, गुडघे बदलायचेत,
टेंडर काढायचं नाहीये.

पहिलं गंगापूर रोडचं.
तळमजल्यावर कॉफीचं दुकान, भिंतीवरून झुळझुळ पाणी.
डॉक्टरांनी सोनेरी गुडघा हातात दिला.
कुमुदनं तो तोलून पाहिला,
दोन्ही मिळून किती तोळे हो?
डॉक्टर हसले, पॅकेज सांगितलं.
मग आम्ही नाही हसलो.
मी विचारलं, जंतुसंसर्ग शंभरात किती जणांना?
आमच्याकडे होतच नाही, म्हणाले.
वहीत लिहिलं: शीट फारच स्वच्छ. संशय.

दुसरं मुंबई नाक्यापाशी.
भिंतीवर फोटो, सत्तरीचे आजोबा डोंगरमाथ्यावर,
दोन्ही हात वर,
खाली मोठ्या अक्षरात: आता तुम्हीही!
कुमुद बघत राहिली.
एकतीस वर्षं जेलरोडच्या बालवाडीत ती जमिनीवर बसली.
दुसऱ्यांच्या लेकरांची नाकं, सुटलेल्या लेसा,
कपाटाखाली घरंगळलेले मणी,
सगळं रांगत आवरलं.
डोंगर तिनं कधी मागितला नव्हता.

मधल्या काळात सल्ले.
भाऊजी: पुण्याला जा.
विहीणबाई: मुंबईशिवाय कुणाला हात लावू देऊ नका.
खालचे बोराडे: तेल देतो, तीन महिने, माझी गॅरंटी.
बोराडे स्वतः कठडा धरून जिना चढतात.

तिसरं आमच्या नाशिकरोडचंच.
खाली मेडिकल, वर तीन मजले,
लिफ्ट दुसऱ्यावर दचकून थांबते. (वहीत लाल खूण.)
संडासात दांडा आहे. सगळा भार टाकून पाहिला, हलला नाही.
फरशी पुसणाऱ्या मावशींना विचारलं, दिवसातून किती वेळा?
तीनदा, म्हणाल्या,
आणि तुम्ही चपला घालून आलात म्हणून चौथ्यांदा.
डॉक्टर घुमरे पाऊण तास उशिरा.
कुमुदनं एकच विचारलं:
नंतर जमिनीवर बसता येईल?
त्यांनी चष्मा काढला.
नाही. मांडी नाही, उकिडवं तर नाहीच.
दुखणं जाईल. बहुतेक.
मी 'बहुतेक'खाली रेघ मारली.

व्हरांड्यात सिन्नरच्या सांगळेबाई,
वॉकर घेऊन, टाके काढायच्या रांगेत.
इथला चहा म्हणजे नुसतं गरम पाणी, ही पहिली ओळख.
मग पातळ गुडघ्यापर्यंत वर.
लाव ना हात. भितीस काय?
मी भिंतीकडे वळून
आग लागल्यास काय करावे, ते वाचत राहिलो.
कुमुदनं हात ठेवला, पोरांचा ताप बघायची तसा, उलटा.
गरम आहे हो.
राहतो गरम. कधी कधी वर्षभर. डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं, म्हणून भ्याले नाही.
रडलात?
दुसऱ्या रात्री. त्या सिस्टरला आईवरून शिव्या घातल्या.
तिनं ऐकून घेतल्या,
आणि पाय वाकवलाच.

रिक्षात मी वही उघडली, बेरीज करायला घेतली.
पहिल्याचे गुण सगळ्यात जास्त निघत होते.
कुमुद म्हणाली,
माझ्या वेळी दादांनी एकच स्थळ पाहिलं होतं.
मी विचारलं, मग?
दत्तमंदिरचा सिग्नल लागला.
तिचा हात अजून उलटाच होता, मांडीवर,
काहीतरी मोजत असल्यासारखा.
हिरवा झाला तेव्हा म्हणाली,
गुरुवारी जाऊ. दांड्याजवळची खोली मागा.
चहा घरून न्यायचा.